कवाताचा वाटा

कालोंदूची सासू कवाता डोळे पिवळेजर्द होऊन गेली, त्याला महिना झाला. आज कितुईच्या दवाखान्यातून आलेली नर्स म्हणाली, "मऊ दाण्यांत बुरशी शिरते. तिचं विष शिजवूनही मरत नाही." तेव्हा कालोंदूला सासूचं दाणे निवडणं आठवलं. म्हातारी मका नखानं टोचून निवडायची, मऊ दाणे वेगळ्या टोपलीत टाकायची आणि निराळ्या मडक्यात शिजवून एकटीच खायची. नातीनं हात घातला की ओरडायची, "मऊ दाणे कवाताचे!" कालोंदू फणकारायची, "मऊ मऊ स्वतःला आणि टणक आम्हाला!" नर्स गेल्यावर उरलेला मका पुरायला तिनं मऊ दाण्यांची टोपली उतरवली. ती रिकामी होती. "यातले दाणे कुठं गेले गं?" रिवाजाप्रमाणे आजीचंच नाव मिळालेली लेक दारातून म्हणाली, "मी खाल्ले. आता घरात कवाता मीच ना?" कालोंदूनं तिचा चेहरा उजेडाकडे वळवला. लेकीचे पिवळेजर्द डोळे थेट सासूवर गेले होते.