बाबा कुठे बसणार?

थुकेला नदीच्या अलीकडे मिनीबस टॅक्सीने धूर सोडला आणि ती थांबली. भेकुयिसेने शेजारच्या सीटवरची काटेरी फांदी उचलली. "बाबा, गाडी बंद पडलीये. उतरायचंय. माझ्यामागून या."

बाबा डर्बनच्या इस्पितळात वारले होते. तिथल्या खाटेवरून त्यांच्या आत्म्याला या फांदीवर बोलावून घेतलं होतं आणि आता नोंगोमाला घरी न्यायचं होतं. वाटेत भेकुयिसेने बोलायचं ते फक्त बाबांशी. जिवंत माणसाशी एक शब्द बोलला, की बाबा तिथेच राहणार. बाकीच्या जगाशी बोलायला सोबत थोकोझिले आत्या होती. तिला त्याचा कंटाळा नव्हता.

दुसरी टॅक्सी आली. तिच्या दाराशीच एक म्हातारी मांडीवर भोपळा घेऊन बसली होती.

"सावुबोना, बाळा."

"येबो, आजी," भेकुयिसे म्हणाला.

वडीलधाऱ्यांच्या नमस्काराला उत्तर द्यायचं, हे बाबांनीच त्याला कानाखाली देऊन शिकवलं होतं.

"गाढवा!" आत्या ओरडली. "घालवलास ना माझा भाऊ! आता तो जन्मभर या पुलाच्या अलीकडे ट्रक मोजत बसेल!"

भेकुयिसेने फांदी तोंडाजवळ धरली. "बाबा, आहात ना?"

फांदी गप्प. तशी ती सकाळपासून गप्पच होती, पण हे गप्प वेगळं वाटलं.

"माझ्याशी बोललेलं धरू नका गं," म्हातारी म्हणाली. "मी अर्धी तिकडचीच आहे."

यावर टॅक्सीत बरीच चर्चा झाली. मग बाबाही अर्धेच इथे राहतील, असं एकाने काढलं. वरचे अर्धे की खालचे, यावर दोन गट पडले.

"ते घरी गेल्यावर बघा," ड्रायव्हर वैतागला. "एक जागा कमी आहे. फांदी टपावर टाकू?"

"माझा भाऊ टपावर? तू बस टपावर. गाडी तो चालवेल."

भेकुयिसे मागच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला. "बाबा, जागा नाहीये. माझ्या मांडीवर बसा." त्याने फांदी मांडीवर ठेवली.

पूल आला. "बाबा, थुकेला ओलांडतोय." पुढची नदी आली, तीही सांगितली. वळणं सांगितली. दर वेळी त्याचा आवाज थोडा बारीक होत गेला. आत्याने एकदाही मागे वळून बघितलं नाही.

नोंगोमाला टॅक्सी रिकामी झाली. घरची माणसं दाराशी येऊन उभी राहिली. भेकुयिसे उठेना.

"ऊठ की रे," आत्या म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "आलाय का तो? अं?"

भेकुयिसेने तिच्याकडे बघितलं, मग मांडीकडे.

"बाबा," तो म्हणाला, "आधी तुम्ही उतरा. माझे दोन्ही पाय बधिर झालेत."