वाक्यपृथक्करण

शेवंता मार्चमध्ये मॅट्रिकला बसणार होती. त्याआधीच तिला बघायला बारामतीहून पाहुणे कळसला आले. मुलाचे वडील मोहनराव कचेरीत नोकरीला होते. बैलाचे दात बघावेत तसं त्यांनी तिला चार ओळींचं इंग्रजी वाक्य पृथक्करणाला घातलं. शेवंतानं मुख्य वाक्य, पोटवाक्यं बिनचूक वेगळी करून दाखवली. मुलगा मान खाली घालून चहा पीत राहिला.

"पोरगी पसंत हाय, रावजी. माघातच बार उडवू," मोहनराव म्हणाले.

"पर मार्चात तिची परीक्षा हाय की," शेवंताचे वडील रावजी चाचरले.

"परीक्षा मी घेतली की आत्ता! पास झाली. उद्यापासनं शाळा बंद."

"एवढी घाई कशापायी, मोहनराव?"

 

"आमचं पोरगं इंग्रजीत तीनदा आपटलंय. मार्चच्या आत त्याला शिकवायला घरात कुणी नको व्हय?"