सतरा उत्तरं बाकी

कारखान्यातला बॉयलर फुटला, त्याला चार वर्षं झाली. चूक बॉयलर चालवणाऱ्याचीच, असं सगळी वसाहत त्याच्या बायकोला तोंडावर ऐकवते, आणि "अहवाल येऊ द्या, मग बोलू" हे तिचं ठरलेलं उत्तर. त्यामुळे संसदेच्या समितीने चौकशीचा आढावा घ्यायला बैठक बोलावली, तेव्हा ती दिराला घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसली.

"अहवाल लिहून तयार आहे म्हणता, मग अडलंय कुठे?" अध्यक्षांनी विचारलं.

"नियम आहे साहेब," चौकशी अधिकारी म्हणाले. "अहवालात ज्याचं नाव आहे, त्याला त्याच्यापुरती पानं पाठवून त्याचं म्हणणं मागवायचं. सगळ्यांचं आलं, की प्रसिद्ध. आता फक्त सतरा उत्तरं बाकी आहेत."

"चार-चार स्मरणपत्रं पाठवूनही? एवढा माज?" अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला.

"वहिनी, खाली बसा," दीर कुजबुजला, पण ती उठलीच होती. "साहेब, त्यातली चार पत्रं माझ्या नवऱ्याच्या नावाने आलीत. ते त्या स्फोटातच गेले. बाकीचे सोळाही."

समिती दोन मिनिटं स्तब्ध उभी राहिली. इतिवृत्तात तशी नोंदही झाली.

"ताई, मग आधी नाही का सांगायचं!" अधिकारी हळहळले. "मृत्यूचं कारण लिहिलेला दाखला द्या, त्यांचं नाव लगेच वगळतो."

तिने पिशवीतून दाखला काढून पुढे केला. कारणाच्या रकान्यात सरकारी शिक्क्यासह लिहिलं होतं,



"चौकशी अहवाल प्रसिद्ध झाल्यावर भरावे."