जांभळा की पांढरा

देऊळघाटच्या उघड्या माळावर गुलाबरावांना अखेर हवा तसा दगड गावला. वरून ओबडधोबड, पण हातोडीनं हलकेच वाजवला की आतून पोकळ बोलणारा. अशा दगडाच्या पोटात स्फटिक असतात. बापलेकीनं आधी आतला रंग ओळखायचा, मग मिळून दगड फोडायचा, हा लेकीच्या लहानपणापासूनचा खेळ. त्यांनी तिला पुण्याला फोन लावला. “धम्मशीले, गावला बरं! कधी येशीन?” “औंदाबी सुट्टी भेटली नाही, बाबा. तुमीच फोडा, मी ऐकते. माह्याकडून जांभळा!” “माह्याकडून पांढरा.” पोकळ दगड त्यांनी दुपट्ट्यात जपून गुंडाळला अन् फोनजवळ शेजारचा भरीव धोंडा फोडला. “काय निघालं?” “तूच जितली, माय. जांभळाजर्द!” ती खळखळून हसली. “मंग फोटो धाडा न!” गुलाबरावांनी रिकाम्या माळाकडं पाहिलं. “फोटोत तशी लकाकी येत नाही, पोरी,” ते म्हणाले, “डोळ्यानंच पाहायले ये.”