नागीण उठली

कंबरेवरचे फोड बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, ही नागीण आहे. मनावर ताण आला, जेवणझोप गेली, की अंगातली ताकद कमी होते आणि ती उठते. कसला घोर लागलाय?"

माझ्याआधी सरूबाईच बोलली. "हिची लेक, यशोधरा, महिना झाला हिचा फोन उचलीना. भाकरीचा तुकडा मोडत न्हाई ही."

सरू आणि मी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन चकलांब्याला आलो, एकाच विहिरीवर पाणी शेंदलं. आजही एसटीत मला खिडकीची जागा देऊन तीच घेऊन आली होती. बोलताना तिचा हात माझ्या पाठीवरून फिरत होता.

डॉक्टरीणबाईंना बरं वाटलं. "अशी मैत्रीण असली की औषधही लवकर लागू पडतं. मनातलं सगळं हिला सांगत जा."

"सांगितलं व्हतं, बाई," मी म्हणाले. "यशोधरा माझ्या पोटची न्हाई, हे चाळीस वर्षांमागं कापूस वेचताना मी एकट्या हिला सांगितलं. अन् हिनं मागल्या महिन्यात यशोधराला."