शेवटचं टायट्रेशन

नवरा तारापूरच्या नव्या अणुकेंद्राच्या बांधकामावर होता. शालन मात्र पोटुशी असतानाही रोज पालघरला कॉलेजात यायची, ब्युरेटच्या नळीतून पडलेल्या एका थेंबानं सगळं द्रावण गुलाबी होताना बघायला.

आज बी.एस्सी.चं प्रॅक्टिकल होतं, त्याच टायट्रेशनचं. या खेपेला राहिलं, तर घरचे पुन्हा बसू देणार नव्हते. आणि बाहेर व्हरांड्यात, सासूच्या, सोजराबाईंच्या मांडीवर, तिचं चार महिन्यांचं बाळ भुकेनं टाहो फोडत होतं. वाटी-चमच्याचं दूध ते तोंडात घेईना.

"शालन, ये की गं बाहेर! तुझ्या नळ्या-बाटल्यांनी लेकराचं पोट भरतंय व्हय?" सोजराबाई खिडकीतून ओरडल्या.

"सर, पाचच मिनिटं. पाजून येते."

"बाई, अपघात सोडला, तर बाहेर पाऊल टाकलंत की परीक्षा संपली. नियम आहे." परीक्षकांनी मानही वर केली नाही.

बाळाचा आवाज आता बसत चालला होता. शालनचा पदर दुधानं ओला झाला.



तिनं शेल्फावरची ॲसिडची बाटली उघडली, दोन थेंब आपल्याच मनगटावर सोडले आणि किंचाळली, "सर, ॲसिड सांडलं! आतल्या नळाला पाणी नाही, व्हरांड्यातल्या नळावर हात धुऊन येते!"