नारायणरावांची सुई

नाव : नारायणराव. वय : एकोणसाठ. आजार : साखर.

भगवाननं पेढ्यांचा पुडा अंगणात भिरकावला. पेढे घरंगळत गोठ्यापर्यंत गेले.

"खा आता. मातीतले येचून खा."

नारायणराव ओट्यावर बसले होते. तोंडातला पेढा त्यांनी सावकाश गिळला आणि मिशी पुसली.

भगवानला हेच सहन होत नव्हतं. आठ वर्षं सगळं घर या माणसाच्या साखरेभोवती फिरत होतं. दर महिन्याला बाप-लेकीची जालन्याची एसटी. औषधाची बाटली गार राहावी म्हणून ओल्या वाळूत पुरलेलं मडकं. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. रोज सकाळी काचेची पिचकारी आणि सुई उकळायची, धाकट्या बहिणीनं, कोकिळानं, ती घेऊन बापाच्या खोलीत जायचं, आतून कडी. जालन्याच्या डॉक्टरांनी सुई टोचायला शिकवलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. भगवानची बायको गोजरबाई एकदा म्हणाली, मीही शिकून घेते. सुनेनं सासऱ्याच्या अंगाला सुई लावायची का, म्हणून म्हाताऱ्यानं तिला चार बायकांत गप्प केलं.

आणि कोकिळा. बापाला चालत नाही म्हणून तीही गोडाला शिवत नसे. पोळ्याला घरभर पुरणाचा वास सुटे आणि ही भाकर घेऊन बसे. अशी लेक पाहिजे, असं गाव म्हणे.

"पोरीनं आठ वर्सं जीभ मारली तुमच्यापायी," भगवान म्हणाला. "अन् तुमी चोरून खाता?"

नारायणराव उठले. मातीतला एक पेढा उचलून त्यांनी बैलापुढे टाकला.

"तिले सांगू नको," एवढंच म्हणाले.

नाव : तेच. वय : तेच. आजार : तोच.

देऊळगाव राजाच्या उकंडरावांचं स्थळ आलं. बाजारात अडतीचं दुकान, एकुलता एक मुलगा. माणसं चोख, पण कडक. आधीच्या मुलीच्या कोपरावर पांढरा डाग दिसला म्हणून त्यांनी ठरलेलं लग्न मोडलं होतं. त्या मुलीला पुढं कुणी विचारलं नाही.

बापाच्या आजारापायी बहिणीचं मोडलं तर? लपवण्यात अर्थ नव्हता, पंचक्रोशीला माहीत होतं. भगवाननं स्वतःच विषय काढला.

उकंडराव हसले. "म्हाताऱ्याले साखर नाही होईल तं कोणाले होईल? पोरगी धडधाकट पायजे. बस."

साखरपुड्याच्या दिवशी पाहुण्यांची गाडी वाटेत बिघडली. सकाळचा मुहूर्त दुपारवर गेला. नटून बसलेल्या कोकिळाला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. घाबरली वो नवरी, म्हणून बायका हसल्या. भटजी पूजा मांडत होते. तेवढ्यात नारायणरावांनी उठून मांडलेला साखरेचा पुडा फोडला आणि मूठभर साखर पोरीच्या तोंडात कोंबली.

नवरदेवाची आई, सोजराबाई, आपल्या हातानं पुडा द्यायला उभी होती. तिचा चेहरा उतरला. दम निघत नाही यांच्या बापाले, असं ती शेजारणीला म्हणाली. भगवानला ऐकू गेलं. बापाला दंडाला धरून बाहेर काढावं असं त्याला वाटलं. सगळा मांडव बघत होता, म्हणून नुसते दात आवळून राहिला.

लग्न लागलं. पाठवणीच्या वेळी म्हाताऱ्यानं आपली वळकटी, स्टोव्ह आणि ते मडकं बैलगाडीत चढवलं. लेकीसोबत जातो, म्हणाला. मला दुसऱ्याची सुई चालत नाही.

"लेकीले लेकरू होईस्तोवर बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही," भगवान म्हणाला. आवाज चढू नये म्हणून त्याला श्वास घ्यावा लागला. "तुमी राहाले चालले?"

"पाणी मी आडाचं शेंदीन. भाकर बी माही मीच थापीन."

"अन् लोकं मले काय म्हनतीन?"

"तुले म्हनतीन ना," नारायणराव म्हणाले आणि गाडीत बसले.

उकंडरावांनी मोठ्या मनानं दुकानामागची खोली दिली. गावात मात्र हसू झालं. भगवानले बाप जड झाला, लेकीच्या दारात टाकला. गोजरबाईनं विहिरीवर जाणं सोडलं.

नाव :          वय :          आजार : साखर.

नवव्या दिवशी भगवान पहिल्या एसटीनं देऊळगावला निघाला. या आठ दिवसांत त्यानं दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून सुई टोचायला शिकून घेतलं होतं. वांग्यावर टोचून टोचून हात बसवला होता. आता म्हाताऱ्याकडं सबब उरली नव्हती. ओढत न्यावं लागलं तरी तो नेणार होता.

सोजराबाईनं त्याला चहाला बसवलं. तुमच्या वडलांच्या भाकरी पाहून आमाले आमच्याच घराची लाज येते, म्हणाली. गोड आवाजात म्हणाली. भगवानच्या कानशिलात जाळ झाला. कुठं आहेत, त्यानं विचारलं.

"मांगच्या खोलीत. सूनबाई सुई देऊन राह्यली त्याइले."

तो चहा न घेता उठला. कपबशी हातात घेऊन सोजराबाई त्याच्या मागोमाग आली. दार आतून लावलेलं होतं. भगवाननं हाक मारली. आतून बाप म्हणाला, थांब जरा, येतो. आठ वर्षं हेच ऐकलं होतं त्यानं. त्यानं खांदा लावून दार ढकललं. जुनी कडी निखळली आणि दार सताड उघडलं.

पिचकारी नारायणरावांच्या हातात होती, आणि कोकिळानं पदर दातात धरून सुयांच्या खुणांनी काळवंडलेला दंड त्यांच्यापुढं केला होता.